शाळेचा हिशेब कुणाला?

जानेवारी २००४ मध्ये केनियातल्या एल्डोरेट इथल्या एका प्राथमिक शाळेत किमानी मारुगे नावाच्या गृहस्थांनी पहिलीत नाव घातलं. वय, त्यांच्याच सांगण्यानुसार, ८४. इंग्रजांविरुद्धच्या माऊ माऊ लढ्यात उतरलेले हे आजोबा गणवेश घालून पतवंडांच्या वयाच्या मुलांशेजारी बसले आणि त्यांचं छायाचित्र जगभर गेलं. गिनीज बुकात नोंद झाली, २००५ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत मोफत शिक्षणावर त्यांचं भाषण झालं, पुढे त्यांच्यावर चित्रपटही निघाला. २००३ च्या जानेवारीत म्वाई किबाकी यांच्या नव्या सरकारनं सरकारी प्राथमिक शाळांची फी रद्द केली होती. मारुगे आजोबांनी सरकारचा शब्द खरा मानला, इतकंच.

त्या आनंदसोहळ्यात एक प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. ही फी मुळात आली कुठून? केनियानं १९७४ मध्येच पहिली ते चौथीची फी माफ केली होती. १९८८ मध्ये ‘खर्चाची वाटणी’ असं गोंडस नाव घेऊन पालकांच्या खिशातून पैसे काढण्याचं धोरण आलं. केनिया तेव्हा कर्जात होता आणि सरकारी खर्च कमी करा, असा धनको संस्थांचा रेटा होता. म्हणजे २००३ मध्ये ज्या निर्णयाला जगानं टाळ्या वाजवल्या, तो जगातल्या धनकोंच्याच सल्ल्यानं पंधरा वर्षांपूर्वी डोक्यावर आलेलं ओझं उतरवण्याचा निर्णय होता.

जागतिकीकरण आणि गरीब देशांचं शिक्षण हा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरलेली भाषणं होतात. एक संगणक, इंग्रजी आणि संधींचं; दुसरं सांस्कृतिक आक्रमणाचं. दोन्हीत तथ्य आहे आणि दोन्ही ऐकून मी कंटाळलो आहे, कारण दोन्ही भाषणं वर्गात काय शिकवलं जातं यापाशीच थांबतात. पूर्व आफ्रिकेतल्या देशांचा गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव पाहिला तर त्याआधीचा प्रश्न दिसतो. शाळेनं हिशेब कुणाला द्यायचा? गावाला, सरकारला, कर्ज देणाऱ्या बँकेला, देणगीदाराला की गुंतवणूकदाराला? माझ्या मते जागतिकीकरणाचा सर्वांत खोल परिणाम इथे झाला. मुलं गावात राहिली आणि त्यांच्या शाळेचा हिशेब तपासणारा माणूस दूर दूर जात राहिला.

टांझानियाची कहाणी या बाबतीत फार बोलकी आहे. तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे स्वतः शिक्षक. लोक त्यांना ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणत. १९६७ मध्ये त्यांनी ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ ही पुस्तिका लिहिली. शाळेला शेत जोडलेलं असावं, बहुतेक मुलं प्राथमिक शाळेनंतर गावातच राहणार असतील तर प्राथमिक शिक्षण स्वतःत पूर्ण असावं, शिकलेल्या मुलानं शेतकऱ्याला तुच्छ लेखू नये, असा तिचा आशय. गांधीजींची नई तालीम ठाऊक असलेल्या वाचकाला तो ओळखीचा वाटेल. १९७७ मध्ये सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची घोषणा झाली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जवळजवळ सगळी मुलं पटावर आली. जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एकानं हे केलं होतं.

मला तो काळ सुवर्णयुग म्हणून रंगवायचा नाही. शिक्षक घाईघाईनं तयार केले होते. माध्यमिक शाळेत शंभरातली जेमतेम चार-पाच मुलं पोचत. ‘उजामा’ म्हणजे ग्रामीण समाजवादाच्या नावाखाली लाखो लोकांना जुनी वस्ती सोडून नव्या गावांत बळजबरीनं हलवलं गेलं. शाळा निकृष्ट होत्या आणि तसं उघड बोलायला एकपक्षीय राजवटीत फारशी जागा नव्हती. तरी त्या निकृष्टपणाचा धनी कोण, हे गावातल्या माणसालाही ठाऊक होतं. शाळेला छप्पर नसेल तर दोष पक्षाचा आणि सरकारचा, आणि पक्षाचा माणूस गावातच राहत होता.

मग कर्ज आलं. १९७३ आणि १९७९ च्या तेलाच्या भडक्यांनी परकीय चलन संपवलं, १९७८-७९ मध्ये युगांडाच्या इदी अमीनशी झालेल्या युद्धानं तिजोरी रिकामी केली, कॉफी आणि घायपाताच्या धाग्याचे भाव पडले. १९८० च्या नववर्षदिनी परदेशी वकिलांसमोर बोलताना न्येरेरेंनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला जाहीर प्रश्न केला होता की, तुम्ही साऱ्या जगाचं अर्थखातं केव्हापासून झालात? प्रश्न जगभर गाजला, पण त्यानं कर्ज फिटलं नाही. १९८५ मध्ये न्येरेरे पायउतार झाले आणि १९८६ मध्ये अली हसन म्विन्यी यांच्या सरकारनं नाणेनिधीशी करार केला. खरं सांगायचं तर काटकसरीचे काही जाचक उपाय त्या करारावर सही होण्याआधीच सुरू झाले होते. दारात उभ्या असलेल्या सावकाराला खूश करण्यासाठी घरधन्यानं आधीच पोरांच्या ताटातली भाकरी मोडावी, तसा तो प्रकार. दशकाच्या मध्यावर फी आणि वर्गण्या परत आल्या. १९९० च्या दशकात शाळेत येणाऱ्यांचं प्रमाण तीन चतुर्थांशाच्या आसपास घसरलं होतं. मिळवलेलं शिक्षण देशानं एका पिढीत गमावलं, हे युद्धाशिवाय क्वचित घडतं.

यात जागतिक बँकेची बाजूही मांडली पाहिजे. कागदावर तिचा भर विद्यापीठांच्या फीवर होता. गरिबाच्या करातून श्रीमंताच्या मुलाला विद्यापीठात फुकट का शिकवायचं, त्यापेक्षा तो पैसा प्राथमिक शाळेत घाला, असं तिचे अर्थतज्ज्ञ सांगत. जॉर्ज साकारोपुलोस यांनी शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावरच्या गुंतवणुकीचा परतावा मोजून दाखवला होता. त्यात प्राथमिक शिक्षण सर्वांत किफायतशीर ठरत होतं. मराठी वाचकाला इथे थबकायला होतं, कारण १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी नेमकं हेच सुनावलं होतं: रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळू नका, खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा काढा. मग फुले बरोबर आणि बँक चूक, हे कसं? फुले रयतेच्या बाजूनं सरकारला जाब विचारत होते, तुझ्याकडचा पैसा इकडे वळव म्हणून. बँकेच्या सल्ल्यात पैसा वळवणं होतं, पण तो एकूण खर्च आवळण्याच्या चौकटीत. विद्यापीठाचं अनुदान आटलं आणि प्राथमिक शाळेतही फी आली. दोन्हीकडून मार. शिवाय फुल्यांना जाब विचारता येत होता; परताव्याच्या कोष्टकाला टांझानियातल्या शेतकऱ्यानं कुठे जाऊन जाब विचारायचा?

विद्यापीठांची किंमत कळायला जरा वेळ लागला. दार-ए-सलाम विद्यापीठ ही एके काळी विचारांची तापती भट्टी होती. वॉल्टर रॉडनीनं आफ्रिकेच्या अविकासावरचं आपलं गाजलेलं पुस्तक १९७२ मध्ये लिहिलं तेव्हा तो तिथे शिकवत होता. शेजारच्या युगांडात मकेरेरे विद्यापीठानं १९९० च्या दशकात फी भरणाऱ्या विद्यार्थ्यांना दारं उघडली, आणि काही वर्षांत विभाग विकाऊ अभ्यासक्रम काढण्याच्या चढाओढीला लागले. महमूद ममदानी यांनी २००७ मधल्या पुस्तकात याची चिरफाड केली आहे. पगार पुरत नाही म्हणून प्राध्यापक परदेशी संस्थांसाठी सल्लागारीचे अहवाल लिहू लागले. ज्या माणसांनी देशाचा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तकं, शिक्षक-प्रशिक्षण स्वतः उभं करायचं, ती माणसंच या काळात विरळ झाली, आणि मग तज्ज्ञ नाहीत म्हणून तज्ज्ञ बाहेरून आले. २००० मध्ये जागतिक बँक आणि युनेस्कोनं मिळून नेमलेल्या एका कार्यगटानं मान्य केलं की परताव्याची ती मोजणी फार तोकडी होती, उच्च शिक्षणाचे सार्वजनिक फायदे तिच्यात आलेच नव्हते. तोवर दीड दशक गेलं होतं.

१९९० मध्ये थायलंडमधल्या जोमटिएनला ‘सर्वांसाठी शिक्षण’ अशी जागतिक हाक दिली गेली, २००० मध्ये डकारला ती पुन्हा दिली गेली, आणि वाऱ्याची दिशा बदलली. मलावीनं १९९४ मध्ये फी रद्द केली. पटावरची मुलं १९ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेली. युगांडानं १९९७ मध्ये, आधी प्रत्येक कुटुंबातल्या चार मुलांपुरती, फी माफ केली. ३१ लाखांची ५३ लाख झाली. टांझानियानं २००१ मध्ये, केनियानं २००३ मध्ये तोच रस्ता धरला. केनियात ५९ लाखांची ७२ लाख मुलं झाली. २००० साली अमेरिकेच्या काँग्रेसनं कायदाच केला की प्राथमिक शिक्षणावर फी लादणाऱ्या जागतिक बँकेच्या कर्जांना अमेरिकेनं विरोध करावा. आफ्रिकेतल्या पोराची फी वॉशिंग्टनच्या कायद्यात! चांगल्यासाठी का होईना, पण निर्णयाची जागा कुठे सरकली होती हे यावरून कळतं.

मुलं आली, ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिला नाकं मुरडणाऱ्यांचा मला राग येतो. ज्या बाईला चार मुलांपैकी कुणाला शाळेत घालायचं हे ठरवावं लागत होतं, आणि त्यात बहुधा मुलगी मागे राहत होती, तिच्यासाठी गुणवत्तेची चर्चा नंतरची. पण जगानं मोजायला पटसंख्या घेतली आणि सरकारांनी पटसंख्या दाखवली. मलावीत खालच्या वर्गांत एका शिक्षकापुढे शंभराहून अधिक मुलं झाडाखाली बसलेली असत. त्या लोंढ्यासाठी सुमारे २० हजार अप्रशिक्षित शिक्षक घाईनं भरले गेले. दुसरीकडे याच काळात नाणेनिधी सरकारी पगारखर्चावर मर्यादा घालत होता. झांबियानं २००२ मध्ये फी रद्द केली आणि २००४ मध्ये पगारखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांत बसवण्याच्या अटीपायी हजारो प्रशिक्षित शिक्षकांना घरी बसवून ठेवलं. कर्जमाफी हवी तर अट पाळा. वर्ग तुडुंब, शिक्षक बेकार. एकाच जगानं एका हातानं शाळेचा दरवाजा उघडला आणि दुसऱ्या हातानं गुरुजींना दाराबाहेर थांबवलं. ही दोन खाती दोन वेगळ्या इमारतींत बसत होती आणि दोघांच्याही अहवालांत आपापलं उद्दिष्ट पूर्ण झालेलं होतं.

सगळं खापर बाहेरच्यांवर फोडून मोकळं होणाऱ्या वाचकासाठी युगांडातली एक गोष्ट. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिथे एक साधी तपासणी झाली: सरकार प्रत्येक प्राथमिक शाळेला विद्यार्थ्यांमागे जे अनुदान देतं, त्यातलं शाळेपर्यंत पोचतं किती? १९९१ ते १९९५ या काळाची सरासरी निघाली १३ टक्के. उरलेलं वाटेत जिल्ह्याजिल्ह्यांत मुरलं होतं. त्यात कुठल्या परदेशी बँकेचा हात नव्हता. आपल्याच माणसांनी आपल्याच पोरांचे पैसे जिरवले होते. त्यानंतर सरकारनं कुठल्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली हे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळांनीही मिळालेली रक्कम दर्शनी फलकावर लावावी असा नियम केला. काही वर्षांत शाळेपर्यंत पोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला. यात वर्तमानपत्रांचं श्रेय किती आणि इतर सुधारणांचं किती, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हिशेब मंत्रालयात होताच. तो शाळेच्या भिंतीवर आला तेव्हा फरक पडला. ही कल्पना काढण्यात जागतिक बँकेच्या संशोधकांचा वाटा होता, हेही नोंदवलं पाहिजे. म्हणजे बाहेरून आलेली गोष्ट गावाचा हात बळकट करू शकते. देशी-परदेशी या कसोटीवर हा विषय सुटत नाही.

हिशेब कुणाला, ही कसोटी सर्वांत कडक लागते ती खासगी कंपन्यांच्या शाळांना. सरकारी वर्ग तुडुंब झाले तसे नैरोबीच्या झोपडपट्ट्यांतले पालक पोटाला चिमटा काढून स्वस्त खासगी शाळांकडे वळले. २००९ मध्ये मुकुरू वस्तीत ब्रिज इंटरनॅशनल ॲकॅडमीजची पहिली शाळा उघडली. संस्थापक अमेरिकी, पुढच्या काळात पैसे घालणाऱ्यांत बिल गेट्स, मार्क झुकेरबर्ग, पीअरसन ही पाठ्यपुस्तक कंपनी आणि जागतिक बँकेची गुंतवणूक शाखा. फी महिन्याला सुमारे सहा डॉलर. पत्र्याच्या एकसारख्या वर्गखोल्या आणि शिक्षकाच्या हातात एक टॅबलेट. त्या दिवशी, त्या तासाला कोणतं वाक्य बोलायचं, फळ्यावर काय लिहायचं, केव्हा थांबायचं, सगळं त्यात लिहिलेलं. शिक्षकानं ते वाचायचं. पाठ लिहिणारी मंडळी कंपनीच्या कार्यालयात, त्यांपैकी काही थेट अमेरिकेत.

वाचूनच अंगावर काटा येतो, आणि याच ठिकाणी विचार करणाऱ्यानं सावध राहावं. नोबेलविजेते मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी केनियात चिठ्ठ्या टाकून दिलेल्या शिष्यवृत्त्यांच्या आधारे केलेला अभ्यास २०२२ मध्ये बाहेर आला. त्यात या शाळांतली मुलं इतरांपेक्षा बरीच जास्त शिकलेली दिसली. शिक्षक रोज वर्गात येतो, ठरलेला पाठ ठरलेल्या वेळी होतो, एवढ्यानंही मुलं शिकतात. सरकारी शाळांचे कैवारी हे सोयीस्करपणे गाळतात. जिथे गुरुजी निम्मे दिवस गैरहजर असतात, तिथल्या आईला शिक्षकाच्या स्वायत्ततेवर व्याख्यान देण्यात अर्थ नाही.

पण लायबेरियात काय झालं तेही पाहा. इबोलाच्या साथीनं मोडून पडलेल्या त्या देशानं २०१६ मध्ये ९३ सरकारी शाळा आठ खासगी संस्थांना चालवायला दिल्या. त्यांतल्या सर्वांत जास्त ब्रिजला मिळाल्या. नीट आखलेल्या अभ्यासात दिसलं की या शाळांत मुलं खरोखर अधिक शिकली. त्याच अभ्यासात दिसलं की ब्रिजनं वर्गसंख्येची मर्यादा दाखवून जादा मुलं आपल्या शाळांतून बाहेर काढली, जुने शिक्षक मोठ्या संख्येनं सरकारकडे परत पाठवले, आणि दर मुलामागचा खर्च सरकारी खर्चाच्या कितीतरी पट होता. बाहेर काढलेल्या मुलाच्या बापानं कुणाकडे जायचं? मंत्रालय कराराकडे बोट दाखवणार, कंपनीही कराराकडेच, आणि तो करार त्या बापानं केलेलाच नाही. युगांडानं २०१६ मध्ये ब्रिजच्या ६३ शाळा बंद करण्याचा हुकूम काढला आणि उच्च न्यायालयानं तो उचलून धरला. तिथेही पालक अधांतरी राहिले. शाळा उघडताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं, बंद करतानाही नाही. २०२२ मध्ये जागतिक बँकेच्या शाखेनं आपली गुंतवणूक काढून घेतली. गुंतवणूकदाराला बाहेर पडता येतं. गावाला येत नाही.

या टॅबलेटमागच्या कल्पनेत मला खटकणारी गोष्ट तंत्रज्ञान ही नाही. चांगली गोष्ट एकदा सापडली की ती कुठेही तशीच चालेल, हा तिच्यातला भोळा विश्वास खटकतो. तो किती फसवा आहे याचा पुरावा केनियातच मिळाला. कंत्राटी शिक्षक नेमले की मुलं जास्त शिकतात असं एका छोट्या प्रयोगात दिसलं होतं. मग सरकारनं १८ हजार कंत्राटी शिक्षक नेमायचं ठरवलं. संशोधकांनी काही शाळांत तोच कार्यक्रम स्वयंसेवी संस्थेकडून आणि काही शाळांत सरकारी खात्याकडून राबवून पाहिला. संस्थेच्या शाळांत गुण वाढले, सरकारी खात्याच्या शाळांत वाढ शून्य. पगार वेळेवर मिळेनात, देखरेख कागदावर राहिली, आणि शिक्षक संघटनेनं कंत्राटी पद्धतीविरुद्ध रान उठवलं. कार्यक्रम तोच, गुरुजींचा पगारही तोच. फक्त राबवणारे हात वेगळे.

कंत्राटी शिक्षक ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. २००० साली आपल्याकडे शिक्षण सेवक आले. प्राथमिकला महिना तीन हजार रुपये मानधन आणि तीन वर्षांनी कायम होण्याचं आश्वासन. तिजोरीत खडखडाट, शाळा तर चालवायच्या, मग शिक्षकाच्या ताटात कमी वाढा: हा तोडगा नैरोबीपासून मुंबईपर्यंत एकाच काळात सुचावा हा योगायोग नव्हता. २०२४ मध्ये केनियात नव्या कनिष्ठ माध्यमिक वर्गांवर नेमलेले ४६ हजार ‘इंटर्न’ शिक्षक कायम नेमणुकीसाठी संपावर गेले. सरकारकडे पैसा नव्हता, कारण पैसा कर्जाच्या हप्त्यांत जात होता. करवाढीचं विधेयक आणलं तर त्याच वर्षी जूनमध्ये तरुण रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, विधेयक मागे घ्यावं लागलं. मारुगे आजोबांच्या देशात मोफत शिक्षणाचं बिल वीस वर्षांनी कोण भरणार, हा प्रश्न तसाच लोंबकळत आहे.

भाषेबद्दल थोडक्यात, कारण हा विषय आपल्याला पुरता ठाऊक आहे. रवांडानं २००८ च्या ऑक्टोबरात शिक्षणाचं माध्यम इंग्रजी करायचं ठरवलं. त्याआधी खालच्या वर्गांत किन्यारवांडा आणि पुढे मुख्यतः फ्रेंच होती. फ्रान्सशी बिनसलं होतं, युगांडातून परतलेला सत्ताधारी वर्ग इंग्रजी जाणत होता, पूर्व आफ्रिकी समूहात नुकताच प्रवेश झाला होता आणि राष्ट्रकुलाचं दार खुणावत होतं. बहुतेक शिक्षकांना इंग्रजी येत नव्हतं, ही अडचण कुणी मोठी मानली नाही. २०११ मध्ये पहिली तीन वर्षं पुन्हा किन्यारवांडात, २०१९ च्या अखेरीस पुन्हा इंग्रजीत. टांझानियात उलट: प्राथमिक शाळा स्वाहिलीत, आणि माध्यमिकच्या पहिल्याच दिवशी इंग्रजी. माध्यमिक शिक्षणही स्वाहिलीत आणा, असं १९८२ मध्ये सरकारच्याच आयोगानं सुचवलं होतं. ते झालं नाही. दशकाच्या शेवटी ब्रिटिश मदतीतून इंग्रजी सुधारण्याचा प्रकल्प तेवढा आला. पालकांनाही इंग्रजीच हवी असते, हे खरं. नोकरी देणारा इंग्रजी मागतो तोवर त्यांनी दुसरं काय मागावं? पण पालकांची ही मागणी मान्य करणाऱ्या सरकारांना तेच पालक वर्गात शिक्षक मागतात तेव्हा बरोबर ऐकू येत नाही.

आता या सगळ्यात एक वाट मुंबईतून निघाली होती. १९९० च्या दशकाच्या मध्यावर माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी मुंबईच्या वस्त्यांत ‘प्रथम’चं काम सुरू केलं. त्यातून २००५ मध्ये ‘असर’ ही देशव्यापी पाहणी उभी राहिली. स्वयंसेवक खेड्यातल्या घरी जातो, मुलापुढे चार ओळींचा उतारा ठेवतो, वाचतोस का बघू, म्हणतो. बाजूला आई उभी असते. २००९ मध्ये याच धर्तीवर केनिया, टांझानिया आणि युगांडात ‘उवेझो’ ही पाहणी सुरू झाली. तिसरीतल्या दर तीन मुलांपैकी एकालाही दुसरीच्या पातळीचं वाचन-गणित धड येत नाही, असं तिच्यात आढळलं. आकडा सरकारांना झोंबला. पटसंख्येच्या यशाचे फलक लागले असताना कुणी तरी घरोघर जाऊन विचारलं होतं की पोरगं शिकलं का. पुढे पाकिस्तान, माली, सेनेगल, मेक्सिकोपर्यंत ही पद्धत गेली. गरीब देशांनी एकमेकांकडून शिकण्याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

‘उवेझो’ही परदेशी देणग्यांवर चालली. तरी मी तिला वेगळी मानतो, कारण ती तपासणी आईच्या डोळ्यांदेखत होते. निकाल वॉशिंग्टनला नंतर कळतो, आधी ओसरीवर कळतो. अर्थात ओसरीवरचा उताराही दूर पळवला जाऊ शकतो. २०१९ मध्ये जागतिक बँकेनं ‘अध्ययन दारिद्र्य’ हे नवं माप काढलं: दहा वर्षांच्या ज्या मुलाला साधा उतारा वाचून समजत नाही, ते यात मोडतं. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत अशी मुलं ५३ टक्के निघाली. माप उपयोगाचं आहे. पण आईच्या समोरचा प्रश्न देशांच्या क्रमवारीचा आकडा झाला की मंत्री पुन्हा आकड्याच्या मागे धावतात, आणि चित्रकला, इतिहास, शेती, प्रश्न विचारण्याची सवय हे उताऱ्याबाहेरचं सगळं वेळापत्रकातून गळतं. टांझानियातल्या मुलानं न्येरेरे का वाचावा, हे या मापात कुठेच बसत नाही.

आणि आता मदतीचा ओघच आटतो आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत अचानक थांबवली आणि जुलैपर्यंत तिची मदतसंस्था यूएसएड गुंडाळलीही गेली. ब्रिटननं आपली मदत २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणण्याचं जाहीर केलं आहे. अनेक देशांत छापायला गेलेली पुस्तकं आणि चालू असलेली शिक्षक-प्रशिक्षणं मध्येच थांबली. ज्या शाळांचा हिशेब परदेशात जात होता, त्यांना परदेशानं एका सकाळी हिशेबाचं कारणच उरलं नाही असं कळवलं. आफ्रिकेच्या सहाराखालच्या देशांना २०३० पर्यंत आणखी दीड कोटी शिक्षक लागतील असा युनेस्कोचा अंदाज आहे. ते पगार दात कोरून निघणार नाहीत. कर गोळा करणं आणि कर्जाची फेररचना मागणं, हेच दोन रस्ते आहेत. झांबियानं २०२० मध्ये कर्जफेड थांबवली, फेररचनेची बोलणी लावली, आणि २०२२ मध्ये माध्यमिकपर्यंतचं सरकारी शिक्षण मोफत करून एका वर्षात ३० हजार शिक्षक नेमले. २००४ मध्ये ज्यांना घरी बसवलं, त्यांतले कित्येक तोवर दुसऱ्या धंद्याला लागून मध्यमवयीन झाले असतील.

आपण या प्रकरणात आता नुसते प्रेक्षक नाही. आयआयटी मद्रासनं २०२३ मध्ये टांझानियातल्या झांझिबारला आपली शाखा उघडली. आयआयटीची भारताबाहेरची ही पहिलीच शाखा. न्येरेरेंच्या देशात उच्च शिक्षण पुरवणाऱ्यांत आता भारताचं नाव आहे. आपल्या कंपन्या आणि स्वयंसेवी संस्था त्याच वाटेनं जात आहेत, आणि त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण अभिमानाच्या बातम्यांत मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही की तिथले स्थानिक विद्यार्थी किती, तिथले शिक्षक किती तयार होणार, आणि दहा वर्षांनी ही संस्था कोण चालवणार. हे प्रश्न मराठी वाचकानं, करदात्यानं आणि या संस्थांना देणगी देणाऱ्यानं विचारावेत, आणि अशा प्रत्येक कामाचा वार्षिक हिशेब दिल्लीला किंवा देणगीदाराला जाण्याआधी स्वाहिलीत तिथल्या पालकांच्या हाती द्यावा, हा आग्रह धरावा.